रिकामी जागा कोणी भरायची?

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात दहा वाघिणींची गाडी येऊन थांबली. मिरजेहून निघालेल्या या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणी पन्नासपर्यंत वाढल्या, पावसाळ्यापर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या आणि ‘जलदूत’ हे नाव देशभर पोचले. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. वर्षभराने, १९ एप्रिल २०१७ रोजी, याच शहराने महापालिकेसाठी मतदान केले. ७० पैकी भाजपला ३६, काँग्रेसला ३३ आणि राष्ट्रवादीला एक जागा मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडने ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसला दिल्या. दोन शहरे, दोन वेगळे कौल. पण दोन्हीकडच्या मतदाराच्या हातात निवडणुकीच्या दिवसांत जी पत्रके पडतात त्यांची भाषा एकच असते. मुबलक पाणी, सर्वांगीण विकास, प्रभागाचा कायापालट, युवकांच्या हाताला काम, प्रलंबित प्रश्न कायमचे मार्गी. ज्या गावाने पाणी लिटरवर मोजून घेतले, त्या गावालाही पाण्याचे आश्वासन मात्र मापाशिवाय मिळते.

या शब्दांतला एकही खोटा ठरवता येत नाही. ‘मुबलक’ म्हणजे माणशी किती लिटर? ‘लवकरच’ म्हणजे कोणत्या महिन्यात? पाच वर्षांनी मतदार जाब विचारायला गेला, तर ‘प्रयत्न चालू आहेत’ हे उत्तर तयार असते, आणि तेही खोटे नसते. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ मध्ये वैज्ञानिक विधानाची एक कसोटी मांडली होती: ते विधान कोणत्या परिस्थितीत चूक ठरेल हे आधी सांगता आले पाहिजे. तीच कसोटी वचनाला लावून पाहावी. हे वचन मोडले असे नेमके कधी म्हणायचे? ‘नळाला चार दिवसांआड पाणी’ हे वचन पाचव्या दिवशी मोडते. ‘सर्वांगीण विकास’ कधीच मोडत नाही, आणि त्यामुळेच तो पाळला गेला असेही कधी म्हणता येत नाही. मग अशा वाक्याला वचन म्हणायचे का? दिलेला शब्द म्हणजे काय, तो कोणाला बांधतो, आणि अस्पष्ट शब्दाने कोणी बांधले जाते का, हा प्रश्न निवडणुकीपेक्षा फार जुना आहे. धर्मग्रंथांनी, कथांनी आणि रोजच्या आचारांनी त्याची उत्तरे दिलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी उत्तरे नांदेड-लातूरच्या माणसाच्या घरातच आहेत.

शिवाय धर्माचे माप लावण्याची परवानगी पक्षांनीच दिली आहे. भाजप आपल्या जाहीरनाम्याला ‘संकल्पपत्र’ म्हणते, शिवसेना ‘वचननामा’ म्हणते. तेव्हा खरा संकल्प कसा असतो, हे पाहायला हवे.

नांदेडमध्ये कोणाच्याही घरी सत्यनारायण असो वा वास्तुशांत, गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालण्यापूर्वी त्याच्याकडून देशकालाचा उच्चार करवून घेतात. आपण कोणत्या प्रदेशात बसलो आहोत, गोदावरीच्या कोणत्या तीरावर, शालिवाहन शकाच्या कोणत्या संवत्सरात, कोणते अयन, कोणता ऋतू, कोणता महिना, कोणता पक्ष, कोणती तिथी, कोणता वार. मग यजमानाचे गोत्र आणि नाव. मग कशासाठी हे कर्म, आणि कोणते कर्म. एवढे झाल्यावर पाणी ताम्हनात सोडले जाते. नांदेड शहर तर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे. जुने शहर उत्तरेला, सिडको-हडको दक्षिणेला. त्यामुळे एकाच गावातल्या दोन घरांच्या संकल्पात तीराचा शब्द बदलतो, आणि तो बदलला नाही तर जाणते गुरुजी यजमानाला थांबवतात. तासाभराच्या पूजेसाठी ही काटेकोर व्यवस्था आहे. नदीचा काठसुद्धा मोघम ठेवायचा नाही, कारण करणारा कोण, कुठे, केव्हा आणि काय करणार हे ठरल्याशिवाय कर्म सुरूच होत नाही, अशी धारणा तिच्यामागे आहे.

हीच धारणा मीमांसकांनी शास्त्रात बांधली. वेदातली सगळी वाक्ये सारख्या योग्यतेची नाहीत, असे ते मानतात. काही वाक्ये माणसाला काही करायला लावतात, तो विधी. काही वाक्ये नुसती स्तुती करतात, कर्माकडे मन वळवतात, तो अर्थवाद. विधिवाक्य ऐकल्यावर तीन अपेक्षा उभ्या राहतात आणि तिन्ही पुरवल्या गेल्या पाहिजेत: काय साधायचे, कशाने साधायचे, आणि कोणत्या रीतीने साधायचे. साध्य, साधन, इतिकर्तव्यता. कुमारिल भट्टांच्या परंपरेत या तीन प्रश्नांवर मोठा विचार झाला आहे. अर्थवादाला मीमांसकांनी टाकाऊ ठरवले नाही. विधीला जोडून आला तर तो उपयोगी आहे, कारण माणसाला कामाला प्रवृत्त करतो. पण विधीशिवाय एकटा अर्थवाद कोणाला काही करायला लावू शकत नाही. प्रभागातले पत्रक हातात घेऊन हे तीन प्रश्न विचारावेत. ‘स्वच्छ, सुंदर, समृद्ध लातूर’ हे साध्य म्हणून चालेल. कशाने? निधी कुठला, माणसे कोणती, जागा कोणती? आणि कोणत्या क्रमाने? बहुतेक पत्रकांत पहिल्या प्रश्नाच्या पलीकडे काही सापडत नाही. स्तुती पानभर असते आणि विधी कुठेच नसतो.

संकल्प ही शास्त्राची वाट म्हणून कोणी बाजूला ठेवील. नवस तर सर्वांचा आहे. नांदेड जिल्ह्यात माहूरच्या गडावर रेणुकामाता आहे, लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबा आहे आणि मार्गशीर्षात तिथे मोठी यात्रा भरते. या दैवतांपुढे बोललेला नवस ऐकावा. लेकीचे लग्न जमले तर पाच जणींसह येऊन ओटी भरीन. बैल बरा झाला तर यात्रेला पायी येईन. काय झाले तर, काय देणार, कुठे देणार, हे सगळे त्यात असते. ‘माझी भरभराट झाल्यास देवीसाठी शक्य ते करण्यास मी कटिबद्ध राहीन’ असा नवस माहूरच्या पायऱ्यांवर कोणी बोलत नाही. आणि बोललेला नवस फेडायचा राहिला, तर ती गोष्ट घराण्यात विसरली जात नाही. आजीने बोललेला नवस नातू फेडतो. अक्षर न येणारी बाईही शब्दाची एवढी शिस्त पाळते, तर छापील जाहीरनाम्याकडून ती मागणे अवाजवी कसे?

इथे एक खरा आक्षेप येतो, आणि तो रामायणातूनच येतो. मोघम वचनसुद्धा माणसाला बांधते, नव्हे प्राणापर्यंत बांधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण दशरथ आहे. शंबरासुराशी झालेल्या युद्धात कैकेयीने त्याचा जीव वाचवला आणि त्याने तिला दोन वर दिले. कसले वर, ते ठरले नव्हते. तिने ते राखून ठेवले. वर्षानुवर्षे ती जागा रिकामी राहिली आणि राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री कैकेयीने ती भरली: भरताला गादी आणि रामाला चौदा वर्षे वनवास. दशरथाच्या वचनाइतके मोघम वचन दुसरे कुठले असेल? तरी ते पाळले गेले आणि ते पाळताना राजा मेला.

मग मोघमपणा हाच दोष कसा म्हणायचा? या कथेतच उत्तर आहे. दशरथाने जागा रिकामी सोडली, पण ती भरण्याचा अधिकार कैकेयीला दिला. मागेल ते द्यायचे होते. म्हणून त्या रिकाम्या जागेने देणाऱ्याला बांधले. निवडणुकीतल्या पत्रकात जागा तितकीच रिकामी असते, पण ती भरण्याचा अधिकार उमेदवार स्वतःपाशी ठेवतो. ‘विकास’ म्हणजे काय हे निवडून आल्यावर तोच ठरवणार, ‘लवकरच’ म्हणजे कधी हेही तोच ठरवणार, आणि काम झाले की नाही याचा निवाडाही तोच देणार. मतदाराने उद्या आपल्या गल्लीतले गटार दाखवून ‘माझ्या हिशेबाने विकास म्हणजे हे’ असे म्हटले, तर ते बंधनकारक ठरत नाही. एका रिकाम्या जागेत घेणाऱ्याला पूर्ण हक्क मिळतो आणि दुसरीत काहीच मिळत नाही. वचनाचे सगळे नैतिक वजन या हक्कात आहे. शब्द दिल्याने दुसऱ्याच्या हातात काहीतरी आले पाहिजे. ते आले नाही, तर वाक्याचा थाट वचनाचा असला तरी देणारा होता तसाच मोकळा राहतो.

महाभारत याही पुढे जाते. ‘नरो वा कुंजरो वा’ हे मराठीत मोघम बोलण्याचेच नाव झाले आहे. युधिष्ठिर खोटे बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला गेला होता. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. महाभारतकारांनी शब्द तपासला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावे म्हणून तो बोलला गेला, ते तपासले. ‘युवकांच्या हाताला काम’ वाचून बेरोजगार मुलाच्या मनात काय उतरते हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत असते.

उमेदवाराची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. पाऊस कोणाच्या हातात आहे? लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा प्रकल्पाचा धनेगावचा जलाशय भरेल की नाही, हे जाहीरनामा लिहिताना कोण सांगणार? राज्य सरकारचा निधी येईल की नाही? आकडा दिला आणि चुकला तर ती फसवणूकच होईल, त्यापेक्षा मोघम बोलणे प्रामाणिक नाही का? हा युक्तिवाद वरवर सभ्य आहे. पण अनिश्चितता आणि अस्पष्टता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनिश्चित गोष्टीविषयीही स्पष्ट शब्द देता येतो. नवस तसाच असतो. त्यातल्या ‘जर’ने त्याला ढिला केलेले नसते, उलट कोणत्या घटनेनंतर देणे लागू होईल हे पक्के केलेले असते.

याचा आधुनिक नमुना नांदेड जिल्ह्यातच धर्माबाद तालुक्यात उभा आहे. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात वर्षानुवर्षे वाद होता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा २.७४ टीएमसीचा. १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे वर राहतील, नदीचा प्रवाह अडवायचा नाही. दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीला समिती. पाऊस किती पडेल हे न्यायालयालाही माहीत नव्हते, तरी कोणत्या दिवशी कोणी काय करायचे हे ठरवता आले. दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्राच्या आणि आता आंध्रऐवजी तेलंगणाच्या अधिकाऱ्यांसमोर दरवाजे उचलले जातात. धर्माबाद, उमरी, नायगाव भागातल्या शेतकऱ्याला हा निकाल जाचक वाटतो. पावसाळ्यातले पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही त्याची तक्रार रास्त आहे. पण त्याला तक्रार नेमकी करता येते, तारखा बदलून मागता येतात, हेही त्या स्पष्टपणाचेच देणे आहे. ‘बाभळीचा प्रश्न सामंजस्याने सोडवू’ एवढेच कोणी म्हटले असते, तर त्याला काय बदलून मागायचे हेही कळले नसते.

तारखेचे बळ नांदेडने आणखी एकदा पाहिले आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी याच गावात देह ठेवला आणि त्यांच्यानंतर कोणी माणूस गुरुपदी बसणार नाही, गुरू ग्रंथसाहिबच गुरू, असे ठरले. शब्दालाच गुरूच्या गादीवर बसवण्याचा हा प्रसंग नांदेडचा आहे. या गावाला शब्दाची किंमत बाहेरच्या कोणी सांगावी अशी परिस्थिती नाही. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची ३०० वर्षे आली आणि त्या निमित्ताने केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून आणि राज्याच्या निधीतून शहरात मोठी कामे झाली. रस्ते, घाट, विमानतळ. कामांच्या दर्जाविषयी, हटवलेल्या घरांविषयी वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. पण एक गोष्ट कोणालाच करता आली नाही: तारीख पुढे ढकलणे. त्रिशताब्दी २००८ मध्येच येणार होती. शहराचा सर्वांत वेगवान काळ पंचांगाने ठरवून दिला, हे जाहीरनामे लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. जाहीरनाम्यातली आश्वासने हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटले. त्याच निकालातल्या निर्देशावरून भारत निवडणूक आयोगाने आश्वासनामागचे कारण आणि पैशाची सोय जाहीरनाम्यात दिसावी अशा सूचना आचारसंहितेत घातल्या. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या निवडणुकीत उमेदवार जे शपथपत्र देतो ते वाचण्यासारखे असते: जमिनीचा गट नंबर, दागिन्यांचे वजन, बँकेतली शिल्लक, कर्जाची रक्कम. म्हणजे नेमके लिहिण्याची कला त्याला येते. शपथेवर लिहायचे असते तेव्हा तो ग्रॅमपर्यंत जातो, आणि मतदाराला लिहितो तेव्हा एकही आकडा देत नाही.

दुसरी अडचण अधिकाराची आहे. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देता येते का? ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले: रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, झोपडपट्टी सुधारणा, दिवाबत्ती, उद्याने, स्मशाने. उद्योग आणणे किंवा पिकाचा भाव वाढवणे त्यात नाही. उजनीचे पाणी लातूरला आणण्याची गोष्ट घ्या. लातूरच्या प्रत्येक पिढीतल्या मतदाराने ती ऐकली आहे. उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, भीमेवर. तिथून पाणी उचलायचे तर निर्णय राज्य सरकारचा, पाण्याचे वाटप राज्याचे, खर्चही राज्याच्या आवाक्यातला. नगरसेवकाने उजनीचे वचन देणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने हातावर पाणी घेणे आहे. संकल्पात स्वतःचे नाव उच्चारावे लागते ते यासाठीच. शहरात आलेले पाणी किती गळते, किती नळांना मीटर आहे, कोणत्या भागाला किती दिवसांआड सोडले जाते, या गोष्टी मात्र महापालिकेच्याच आहेत. त्यांवर बोलायला आकडे लागतात, म्हणून प्रचार उजनीकडे वळतो.

आणि वचन देणारा तरी नेमका कोण? २०१७ मध्ये बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडून आले. गटाराविषयी कोणाला विचारायचे? २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झाले. तोवर जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने नांदेडमध्ये ७३ जागा जिंकल्या होत्या ते अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. पक्ष बदलणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण २०१७ चा शब्द कोणाकडे राहिला? पक्षाकडे, माणसाकडे, की कोणाकडेच नाही?

हा प्रश्न बौद्ध परंपरेने दोन हजार वर्षांपूर्वी तपासला आहे, आणि नांदेड-लातूरच्या बौद्ध वस्त्यांत तो ग्रंथ अपरिचित नाही. ‘मिलिंदप्रश्न’मध्ये ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो: जो मरतो तोच पुन्हा जन्मत नसेल, तर मागच्या कर्मातून तो सुटला की काय? नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो. पकडला गेल्यावर चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. शब्दशः हे खरे आहे, कारण पुरलेली कोय आणि झाडावरचे फळ एक नव्हेत. तरी मिलिंद म्हणतो, चोर दोषी आहे, कारण हे आंबे त्याच आंब्यांतून आले. नवा झेंडा, नवे चिन्ह, नवी आघाडी घेऊन येणारा उमेदवार ‘ते आश्वासन त्या पक्षाचे होते’ असे म्हणतो, तेव्हा तो चोराचाच युक्तिवाद करत असतो, आणि मतदाराला मिलिंदाचा निवाडा देण्याचा पूर्ण अधिकार आहे.

माणसे आणि पक्ष बदलत राहतील हे धरून चालले, तरी एक संस्था बदलत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेला अखंड परंपरा असलेली निगम संस्था मानले आहे. निवडणूक झाली, मुदत संपली, प्रशासक आला, तरी ती कायद्याने तीच राहते. तिच्या सर्वसाधारण सभेत झालेला ठराव इतिवृत्तात राहतो, त्यावर सूचक-अनुमोदकांची नावे राहतात, अंदाजपत्रकात त्यासाठी लेखाशीर्ष उघडले तर रक्कमही राहते. तेव्हा दारात आलेल्या उमेदवाराला विकासाविषयी विचारण्यात वेळ घालवू नये. पहिल्या तीन महिन्यांत सभेपुढे कोणता ठराव मांडणार, त्याचा मजकूर काय, रक्कम किती, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि चार नगरसेवकांपैकी सूचक कोण, हे पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे, आणि खाली तारीख घालायला सांगावी.